आत्याचा कॅमेरा

आत्यानं कॅमेरा घेतला, तेव्हा घरात तो कुणालाच पटला नाही. तळहातावर मावेल एवढं ते काळं यंत्र. पुढची लेन्स फिरवून काढायची आणि दुसरी बसवायची. लेन्सही दोनच होत्या, एक चपटी, एक जरा लांबुडकी.

"फोनमध्ये कॅमेरा नाही का?" तिचा थोरला भाऊ, दादा म्हणाला. "हे लोढणं कशाला गळ्यात?"

"मला हवं होतं म्हणून," आत्या म्हणाली.

ती लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरी राहायची. पुतण्या बोलायला लागल्यापासून घरादाराची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची ती आत्या झाली होती. सकाळी उपाशीपोटी बाकावर बसलेली माणसं, पुढे केलेले दंड, सुई दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवलेले चेहरे, हे सगळं ती कित्येक वर्षं बघत आली होती. आता तिला ते जपून ठेवावंसं वाटू लागलं. ती विचारून फोटो काढायची. "आजोबा, सुई तर झाली. आता एक फोटो काढू?" बहुतेक जण हसून हो म्हणत. एखादा नको म्हणाला, की ती कॅमेरा खाली ठेवून पुढच्याचं नाव पुकारायची.

एकदा दादानं तिचे फोटो पाहिले. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा दाबून रडवेला बसलेला एक धिप्पाड पहिलवान. बसच्या खांबाला धरलेले पाच-सहा हात. लॅबच्या खिडकीत उभी राहून डबा खाणारी तिची मैत्रीण.

"ना डोंगर, ना फुलं! कापसाच्या बोळ्याचे कसले फोटो काढतेस?"

"मला आवडतात."

"आणि दाखवणार कुणाला?"

"कुणालाच नाही."

यावर दादा नुसताच चिडला.

पुतण्या कॉलेजात होता आणि व्हिडिओ बनवायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. तो कॅमेऱ्याभोवती घुटमळायला लागला. "आत्या, तू सगळं ऑटोवर ठेवतेस गं. ह्यात केवढं काय काय आहे! तुझ्याकडे नुसता पडून राहतो."

"पडून कुठे राहतो? रोज माझ्याबरोबर कामाला येतो."

त्यानं बापाचे कान भरले असावेत. कारण एका रात्री जेवताना दादानं निकालच देऊन टाकला. "तो कॅमेरा पोराला देऊन टाक. त्याचं पुढे काहीतरी होईल तरी."

"आणि माझं नाही होणार?"

"तुझं आता काय व्हायचंय?" दादा सहज म्हणाला आणि त्यानं भाजीचं भांडं पुढे ओढलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यामुळेच ते आत्याला जास्त लागलं.

"नाही देणार," ती म्हणाली.

वहिनींचा हात पोळी वाढता वाढता थबकला. ह्या घरात आत्यानं आजवर कशाला नाही म्हटलं नव्हतं. तिची खोली पुतण्याच्या अभ्यासासाठी गेली, तिचं कपाट पाहुण्यांच्या गाद्यांसाठी गेलं. प्रत्येक वेळी तिला नंतर कळलं होतं आणि प्रत्येक वेळी ती "असू दे" म्हणाली होती.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी बॅटरी चार्ज व्हायची होती, म्हणून तिनं कॅमेरा घरी ठेवला. दुपारी परत आली तर टेबलावरून नुसती वायर लोंबत होती. चपटी लेन्सही नव्हती.

"त्यानं नेलाय," वहिनी नजर चुकवत म्हणाल्या. "मित्राच्या जिमचं उद्घाटन आहे. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, ताई."

"हो, म्हणाले असते. नाही म्हणायचंच होतं मला." आत्यानं अर्धवट काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. "कुठे आहे ही जिम?"

ती लॅबच्या पांढऱ्या कोटातच तिथे पोचली. आत फुगे लावलेले, गाणी दणाणत होती, दंड फुगवून पोरं आरशापुढे उभी होती. मधोमध तीन पायांच्या स्टँडवर तिचा कॅमेरा. पुतण्या लेन्स बदलत होता. लेन्सचं झाकण त्याच्या दातांत, डोक्यावर पंखा गरागरा फिरतोय आणि कॅमेऱ्याचं उघडं तोंड वर, धूळ खायला मोकळं.

आत्यानं आधी त्याच्या हातातली लेन्स घेतली आणि कॅमेऱ्यावर चढवली. खट् आवाज झाला. दुसरी लेन्स उचलून कोटाच्या खिशात टाकली. मग स्टँडवरून कॅमेरा सोडवून पट्टा गळ्यात घातला.

"आत्या, प्लीज! आता फीत कापायची आहे. सगळे बघतायत!"

"बघू देत. झाकण दे."

त्यानं तोंडातलं झाकण तिच्या हातावर ठेवलं. ओलं होतं. तिनं ते कोटाला पुसलं.

"मग मी कशावर काढू?"

"फोनमध्ये कॅमेरा असतो," आत्या म्हणाली. "तुझ्या बाबांना विचार."

आरशापुढचा एक जण फिस्सकन हसला. पुतण्याचे कान लाल झाले. लहानपणी ताप आला की हा तिच्याच मांडीवर झोपायचा. पण ती थांबली नाही.

रात्री दादानं घर डोक्यावर घेतलं. "चार लोकांत पोराची अब्रू घालवलीस! एका डबीपायी!"

"डबीपायी नाही. दादा, माझी खोली गेली, कपाट गेलं, मी बोलले नाही. चूक फक्त तुम्हा लोकांची नाही, मी बोलायला हवं होतं. ते आता बोलतेय. माझ्या वस्तूला हात लावायचा तर मला विचारायचं. आणि मी नाही म्हणाले, तर ते नाहीच."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मग मी वेगळी खोली बघते. मला पगार मिळतो."

दादा उठून आत निघून गेला. दोन महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. आत्यानं माफी मागितली नाही, रुसलीही नाही. कॅमेरा गळ्यात घालून जायची, गळ्यात घालून यायची.

पुतण्यानं संध्याकाळचं एक काम धरलं आणि पावसाळा सरता सरता स्वतःचा कॅमेरा आणला. जुना, कोपऱ्यावर ठेचलेला, पण त्याच कंपनीचा. दोन दिवस तो तिच्या आसपास उगाच रेंगाळला. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहिला.

"आत्या, तुझी चपटी लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसते. रविवारी नेऊ का?"

आत्या सुई-दोरा घेऊन कोटाचं बटण लावत होती. तिनं विचार केला. हो म्हणणं किती सोपं होतं. पण रविवारी मैत्रिणीबरोबर नदीच्या पुलावर जायचं ठरलं होतं आणि तिला तीच लेन्स लावायची होती.

"रविवारी नाही. मला लागणार आहे."

"बरं," पुतण्या म्हणाला आणि वळला. मग दारातूनच, "सोमवारी?"

"सोमवारी ने."