रेषेच्या पुढे चार अंश

पहिली नळी वाकली नाही, बसली. पाण्याच्या रबरी पाइपवर कुणी पाय द्यावा तशी मधेच चपटी झाली. मी तिच्या टोकाला लटकलेली, आणि गच्चीच्या दारात पप्पा हसत उभे.

"दिवसाला सहाशे नळ्या वाकवतो मी. विचारायचंस तरी!"

खरंच होतं ते. पप्पा चौदा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर सायलेन्सरच्या नळ्या वाकवतात. पण मला माझं मीच करायचं होतं. जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात तीनशे पोरांसमोर माइक धरून बोलले ना, तेव्हापासून 'हे आपल्याला कसं जमेल' असं मला वाटायचंच बंद झालंय.

शिवाय वेळ नव्हता. मम्मीच्या कंपनीची बस आजवर मोशीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची. एक तारखेपासून ती फक्त हायवेच्या चौकात थांबणार होती. अडीच किलोमीटर! मम्मीचा डावा गुडघा अर्ध्या किलोमीटरमध्येच कुरकुरायला लागतो, आणि पहाटे साडेपाचला आमच्याकडे रिक्षा दिसत नाही. बसच्या यादीत नाव ठेवायचं की काढायचं, हे रविवारी संध्याकाळपर्यंत सुपरवायझर मॅडमना कळवायचं होतं. नाव काढायचं म्हणजे कामच सोडायचं. "सोडते आता," असं ती मेथी निवडताना म्हणाली, इतक्या साध्या आवाजात, की मला रागच आला.

आमच्या कोपऱ्यावर चांदभाईंचं सायकलचं दुकान आहे. ते वेल्डिंगही करतात. त्यांच्याकडे टेम्पोखाली आलेली एक इ-सायकल पडून होती. मोटर, बॅटरी, चाकं ठणठणीत, फक्त मधली नळी तुटलेली. तिथे सरळ नळी जोडली की दांडी उंच येते, आणि मम्मीचा पाय तेवढा वर जात नाही. म्हणून नळीला खाली झोल हवा होता, साठ अंशांचा. वीस फुटी नळी आणून तिचे तीन तुकडे केले, टाकीच्या खांबाला भंगारातली मोठी पुली आवळली, आणि त्यातला पहिला तुकडा मी अर्ध्या तासात वाया घालवला.

"आत वाळू भरली होती का?" चांदभाईंनी विचारलं. "पोकळ नळी अशीच बसते, बेटा. वाळू रव्यासारखी भाजून घे. एकदम कोरडी. मग ठोकून ठोकून भर, आणि दोन्हीकडून बूच मार."

मी गॅसवर कढई ठेवली. मम्मी आंघोळ करून आली.

"काय भाजतेयस?"

"वाळू."

तिने कढईत वाकून पाहिलं. "मीठ नको घालूस," म्हणाली आणि केस पुसायला निघून गेली.

रविवारी सकाळी दुसऱ्या नळीचा ताबा पप्पांनी घेतला. मी गच्चीच्या फरशीवर खडूने साठ अंशांची पांढरी रेष मारून ठेवली होती. नळीच्या टोकावर पप्पांनी एक लांब जाड पाइप चढवला, जोर लावायला, आणि ओढत ओढत नळी बरोब्बर रेषेवर आणली.

"साठ म्हणजे साठ!"

हात सोडला. नळी तीन बोटं मागे उघडली. पप्पा तिच्याकडे असे बघायला लागले, जणू ती उलटून बोलली असावी.

"नळीच खराब आहे."

त्यांनी ती पुलीवरून काढली, फिरवून पाहिली, परत बसवली आणि रागाने एक हिसका दिला. ती पहिल्या जागी बसलीच नव्हती. कट् झालं. दुसरीही गेली.

मग पप्पा म्हणाले, "तिसरी मी उद्या कंपनीत नेतो. मशीनला दोन मिनिटांचं काम."

"अहो, गेल्या महिन्यात तुमच्या गेटवर कुणाला पकडलं होतं?" मम्मी म्हणाली. "कंपनीच्या मशीनवर घरासाठी स्टूलच बनवलं होतं ना त्याने? दुसऱ्या दिवशी घरी बसला. तुम्ही कंत्राटावर आहात."

"बघू."

"नाही," मी म्हणाले. "इथेच वाकवायची. पप्पा, मशीनवर तुम्ही नक्की काय करता?"

"आकडा टाकतो. साठ."

"मग?"

"मग दार बंद होतं. बाहेर येते ती साठची."

"आणि आत काय होतं?"

"दार बंद असतं ना तेव्हा!"

मी पहिल्या नळीचा न बिघडलेला अर्धा भाग कापून घेतला. वाळू भरली, पुलीवर चढवला, मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडलं. साठपर्यंत ओढून सोडलं तर छप्पन. पुलीवरून न काढता चौसष्टपर्यंत ओढून सोडलं. साठ! मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या बिल्डिंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. मग पांढऱ्या रेषेच्या पुढे चार अंशांवर मी लाल रेष मारली.

पाच वाजता चांदभाई दुकान बंद करून वर आले. ते आणि पप्पा लांब पाइपच्या टोकाला, मी फरशीवर पालथी, डोळा रेषांवर. मम्मी हातात फोन घेऊन दारात उभी. तिचा फोन दोनदा वाजून गेला होता.

"ओढा!"

नळी हळूहळू यायला लागली. पुलीला घट्ट चिकटून, कुठेही न चेपता. पांढरी रेष आली, आणि पप्पा थांबले.

"आली!"

"अजून पुढे!"

"मैत्री, रेषेपुढे गेली की रिजेक्ट. चौदा वर्षं हेच करतोय मी. परत नाही येत ती."

"येते! चार अंश येते."

"शेवटची नळी आहे."

"माहितीय मला."

"नागसेनभाऊ," चांदभाई कण्हत म्हणाले, "बापलेकीचं नंतर बोला हो. माझे हात सुटतायत!"

पप्पांनी डोळे मिटले आणि ओढलं.

"बस! लाल रेष आली. आता सोडा, हळू."

नळी मागे आली. पांढऱ्या रेषेपर्यंत आलीच नाही, अगदी जरा अलीकडे थांबली. ॲप म्हणालं, एकसष्ट. एक अंश जास्त म्हणजे नळी ठरल्यापेक्षा खाली येणार आणि पायडल घासणार. खाली अंगणात जाऊन चांदभाईंनी ती दुकानातून आणून ठेवलेल्या सायकलच्या सांगाड्याला तारेने बांधली आणि पायडल फिरवलं. एकदा. परत एकदा.

"बोटभर जागा आहे. चालतंय. मजबुतीला मी खालून तिरकी पट्टी मारतो."

मम्मीने पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, डावा पाय उचलला आणि पलीकडे टाकला. परत अलीकडे आणला. मग खांदा सोडून पुन्हा एकदा टाकला.

पप्पांचं लक्ष अजून नळीकडेच होतं. "शेवटी मशीनमधून एक बारीकसा आवाज यायचा," ते म्हणाले. "पुढे जाऊन मागे आल्यासारखा. मला वाटायचं, जुनी झालीय बिचारी."

मम्मी फोन लावत होती.

"मॅडम, विजयश्री बोलतेय. माझं नाव ठेवा. हो, चौकातून बसेन."

"अगं, सायकल कुठे झालीय अजून?" पप्पा घाबरून म्हणाले. "वेल्डिंग राहिलंय, ब्रेक, वायरिंग..."

"आठ दिवस आहेत." मम्मीने फोन ओढणीत गुंडाळला आणि मोटरच्या लोंबणाऱ्या वायरी हातात घेऊन एकेक वेगळी करायला लागली. "चांदभाई, तुम्ही लोखंडाचं बघा. याला हात लावू नका. नऊ वर्षं मी लोकांच्या गाड्यांच्या वायरी बांधतेय."