मोल नसलेला कोट

रफूवाल्या काकूंनी इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं ते सुनेशी बोलता यावं म्हणून. सून परभाषेची. मुलगा दुभाषा व्हायचा, पण तो पहाटे कामावर जायचा आणि येऊन झोपायचा. बाकी वेळ दोघींना इंग्रजीशिवाय गत्यंतर नव्हतं.

क्लासच्या बाईंनी उपसर्ग-प्रत्यय काढले तेव्हा काकूंची कळी खुलली. हे तर रोजचंच काम! शब्दाला पुढून कॉलर लावायची, मागून झालर. ‘हॅपी’ला पुढे ‘अन’ जोडलं की तोंड पडलं. मागे ‘लेस’ जोडलं की ती वस्तूच गायब. ‘होपलेस’ म्हणजे आशा नाही. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला ‘हेअरलेस’ म्हटलं. नवऱ्याने आरशात पाहिलं आणि मुकाट टोपी घातली.

त्याच आठवड्यात सुनेने आपल्या वारलेल्या वडिलांचा कोट काकूंपुढे ठेवला आणि खुणेनेच सांगितलं, मला बसेल असा करा. काकूंनी कोट अख्खा उसवला, खांदे आत घेतले, बाह्या कापल्या. वडिलांचा खिसा मात्र जिथल्या तिथे राखला. सुनेने कोट चढवला, खिशात हात घातला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “प्राइसलेस!”

काकूंनी शब्द मनात उसवला. प्राइस म्हणजे किंमत. लेस म्हणजे नाही.

“डोळे फोडून शिवला मी, आणि ही म्हणते कवडीची किंमत नाही! वर रडून दाखवते!” त्या नवऱ्यापाशी फणकारल्या. नवऱ्याने टोपी आणखी खाली ओढली.

तेव्हापासून काकूंनी तोंड शिवून घेतलं. सुनेने काहीही विचारावं, उत्तर ‘यस’ नाहीतर ‘नो’. पोरगी पार बावरून गेली. शेवटी एके पहाटे कामावर निघताना मुलगा म्हणाला, “आई, ती वेगळं घर बघू म्हणतेय. तिला वाटतं, तुला ती नकोशी झालीये. आज संध्याकाळी जातोय बघायला.”

दुपारी काकू क्लासला गेल्या. राग निघाला तो बाईंवर. “असले शब्द शिकवताच कशाला? प्राइसलेस म्हणे!”

बाईंनी शांतपणे विचारलं, “काकू, अनमोल म्हणजे काय हो?”

“म्हणजे... ज्याचं मोलच करता येत नाही असं.”

“आणि त्यातला ‘अन’ म्हणजे?”

“नाही,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

तशाच उठून त्या धापा टाकत घरी आल्या. सून दारातच होती, कोट घालून, बुटाची नाडी बांधत. काकूंना सांगायचं होतं खूप आणि शब्द होते मोजके. डॉटर-इन-लॉ. त्यातलं मागचं शेपूट त्यांना वाटभर खुपत होतं, आणि ते कापायला त्यांच्याकडे एकच कात्री होती.

“यू,” त्या म्हणाल्या, “नो डॉटर-इन-लॉ.”

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी तिच्या कोटाची कॉलर सरळ केली.

“यू, लॉलेस डॉटर!”

सुनेने शब्द मनात उसवला आणि ती हसत सुटली, आणि हसता हसता काकूंच्या गळ्यात पडून रडली. बूट तिने काढूनच ठेवले.

रात्री जेवताना मुलाने आईला समजावलं, “अगं, लॉलेस म्हणजे कायदा न मानणारी. गुंड!”

“मग बरोबरच आहे,” सुनेला वाढत काकू म्हणाल्या. “कायदे सुनांना असतात. लेकीला कसले?”