अर्पिताच्या पहिल्या ड्रोनचा रिमोट

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मला तुम्ही व्हिडिओ गेमचं खेळणं समजाल. पुढे दोन दांड्या, खांद्यावर चार खटके आणि डोक्यावर एक वाकणारी अँटेना. रेसिंगचा ड्रोन चालवणारा मी एक जुना रिमोट आहे. जुना खरा, पण आयुष्याची पहिली काही वर्षं मी एकही ड्रोन पाहिला नव्हता.

कारखान्यातून मी पुण्याच्या एका विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने मला हौसेने घेतलं, महिनाभर मिरवलं आणि मग कपाटात टाकलं. पुढे त्याने मला विकायला काढलं आणि कुरिअरच्या खोक्यातून मी परभणीला अर्पिताच्या हातात आलो. अर्पिता कॉलेजात शिकत होती आणि भुजंगमामांकडे राहत होती. मामांचं पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. त्याच दुकानाचा एक कोपरा त्यांनी भाचीला दिला होता.

अर्पिताने मला वायरीने कॉम्प्युटरला जोडलं आणि पडद्यावरच्या खोट्या ड्रोनवर सराव सुरू केला. तो खोटा ड्रोन रोज झाडावर आपटायचा. हळूहळू तिची बोटं सरावली आणि माझ्या दांड्यांवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं. माझं बोलणं मात्र वायरीतूनच जात होतं. डोक्यावरची अँटेना नुसती शोभेला. हवेतून हाक मारली तर पलीकडून कोण ओ देईल, याचं मला फार कुतूहल होतं.

मग एके दिवशी अर्पिताने ड्रोनचे भाग निवडायला घेतले. तिने शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते; ते पुरवायचे होते. मोबाईलवर एक तयार संच दिसला. ड्रोन, चष्मा, शिवाय कोरा करकरीत रिमोट. ती बराच वेळ तो न्याहाळत राहिली. माझ्या जिवात जीव नव्हता.

मामा म्हणाले, "सगळं एकदमच मिळायलंय की. कशाला एक एक हुडकत बसलीस?"

"मामा, त्यातलं काही तुटलं तर मला दुरुस्त नाही करता येणार. आणि रेसिंगचा ड्रोन म्हटल्यावर तुटणारच. स्वतः जोडला तर कळंल तरी." मग तिने मला उचलून अंगठ्याने दांडी हलवून पाहिली. "ह्या रिमोटची सवय झालीय. हा असू द्या."

सांगाडा तिने असा निवडला, की एक हात मोडला तर तेवढाच बदलता यावा. ड्रोनच्या मोटारी निवडायची वेळ आली तेव्हा मामाही स्टूल ओढून बसले. सगळ्यात जोरात फिरणाऱ्या मोटारीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही घे की."

"बॅटरी चार सेलची घ्यायलेय मामा. तिला जुळणारी पायजे. उगं जोरात फिरवली तर गरम होईल, बॅटरीबी लवकर संपंल."

"आमच्या पंपाचंबी तसंच हाय," मामा हसले. "एवढीशी मोटार, पण नखरे तेच."

ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यासाठी तिने जुन्या पद्धतीचा, थोडं धूसर दाखवणारा संच घेतला. पैसे वाचले ते एका जास्तीच्या बॅटरीला आणि पंख्यांना कामी आले. सगळ्यात शेवटी तिने नखाएवढा रिसीव्हर घेतला, माझीच भाषा समजणारा. वितळलेल्या कथिलाचा डाक लावून सगळं जोडल्यावर पंखे न चढवता तिने बॅटरी लावली आणि माझं बटण दाबलं. रिसीव्हरवरचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. मित्रांनो, मी हाक मारली होती आणि पलीकडून ओ आली होती.

पहिलं उड्डाण पिंगळीला, मामांच्या मोकळ्या रानात झालं. अर्पिताने चष्मा लावला. आता तिला फक्त ड्रोनचा कॅमेरा दाखवील तेवढंच दिसणार होतं, म्हणून मामा शेजारी आकाशाकडे बघत उभे राहिले. ड्रोन उठला. बांधावरची बाभूळ, विहीर, मामांची मोटारसायकल, सगळ्यांना त्याने वळसा घातला. अर्पिता हसत होती. मीही तिच्या प्रत्येक हालचालीचा निरोप हवेतून धाडत होतो आणि तो पोचत होता.

तेवढ्यात चष्म्यातल्या चित्रावर टीव्हीसारख्या मुंग्या आल्या आणि चित्र गेलं.

"मामा, मला काही दिसत नाहीये."

"अर्पे, पऱ्हाटीकडं चाललंय ते. बाया कापूस येचायल्यात तिकडं."

तिचा अंगठा दांडीवर थांबला. चित्र पुढच्या क्षणाला परत आलंही असतं. जोडायला किती दिवस घातले होते, हे मलाच ठाऊक. तिचं बोट माझ्या खांद्यावरच्या खटक्याकडे गेलं. तो ओढला की मोटारी बंद पडतात. तिने तो ओढला. ड्रोन दगडासारखा बांधाच्या अलीकडे कोसळला.

अर्पिताने चष्मा काढला तेव्हा शेजारच्या रानातल्या सुलाबाई कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या तशाच चालत येत होत्या. त्यांच्या हातात मोडका ड्रोन होता आणि त्याच्या सांगाड्याचा वेगळा झालेला एक हात.

"कुणाला लागलं का मावशी?" अर्पिताने आधी तेच विचारलं.

"न्हाई गं बाई. आमच्यापोतूर आलंच न्हाई." सुलाबाईंनी ड्रोन उलटासुलटा करून पाहिला. "ह्याला डोळाबी हाय म्हनं. काय दिसतं त्यातनं?"

दुकानात परतल्यावर कारण सापडलं. चित्र पाठवणारी अँटेना नीट आवळलेली नव्हती. थरथरीने ती सुटली होती. वस्तू स्वस्तातली होती, पण चूक वस्तूची नव्हती, आवळणाऱ्या हाताची होती. अर्पिताने अँटेना पक्की बसवली, सांगाड्याचा मोडका हात आणि दोन पंखे बदलले, आणि पुढच्या वेळी उडवण्याआधी वेचणीला कोण कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहून आली. येताना सुलाबाईंना घेऊन आली. ड्रोन मोकळ्या रानावरच राहिला, पण उंचावरून त्याने पऱ्हाटीकडे तोंड केलं. चष्मा सुलाबाईंच्या डोळ्यांवर होता आणि अर्पिता नुसत्या नजरेने ड्रोन सांभाळत होती.

सुलाबाईंनी चष्मा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हणाल्या, "विहिरीच्या कोपऱ्याला पऱ्हाटी लय इरळ झालीय. खालनं न्हाई दिसलं कधी."

मित्रांनो, आज माझ्या दांड्या सैल झाल्यात, तरी अर्पिता मला मऊ कापडात गुंडाळून ठेवते. तुमच्याही हाती असं काही आलं तर आधी नट आवळा, पंखे शेवटी चढवा, बॅटरी फुगली तर मोह सोडा. आणि थांबवायचा खटका बोटांना न बघता सापडू द्या. त्या दिवशी अर्पिताच्या डोळ्यांपुढे काहीच दिसत नव्हतं. तरी तिच्या बोटाने उशीर केला नाही.