डोळे मिटून शिवलेला पुरावा

तुरुंगातल्या शिंप्याच्या भाचीचं लग्न मोडता मोडता जुळलं, त्याच साली त्याच्या भेटी वर्षभरासाठी बंद झाल्या. त्याला भेटायला येणारं माणूस एकच, आईच्या मागे त्याला वाढवणारी थोरली अक्का. तिने आता अंथरूण धरलं होतं. वर्षभर भेट नाही म्हणजे तिचं तोंड पुन्हा दिसेल याचा भरवसा नाही.

"तुझ्या कोठडीत बंदी असलेली वस्तू सापडली, म्हणून ही शिक्षा," अधीक्षक म्हणाले.

"कोणती, साहेब?"

"ते गुप्त आहे. वस्तू कळली की खबऱ्याही कळेल."

"निदान लहान की मोठी तेवढं सांगा. नाही म्हणायचं तर नेमकं कशाला नाही म्हणू?"

शिंप्याने कोर्टात अर्ज टाकला. न्यायाधीशांनी पुरावा मोहोरबंद करून मागवला. म्हणजे कापडात शिवायचा आणि टाक्यांवर लाखेचे ठसे मारायचे. आता अख्ख्या तुरुंगात असं शिवणारा हात एकच!

शिपायाने त्याला कचेरीत आणलं. "टेबलावरचा पुरावा शीव. डोळे मिटून. उघडलेस तर तुझी खैर नाही."

"आणि तुम्ही?"

"मलाही बघायची मनाई आहे, बाबा." असं म्हणत शिपायाने बगलेतला जेवणाचा डबा टेबलावर टेकवला, तिथलाच मेणबत्तीचा तुकडा उचलून पेटवला आणि भिंतीकडे तोंड करून लाख वितळवत बसला.

शिंप्याने चाचपलं. हाताला गोल, गार पत्रा लागला. आपल्या कोठडीतून एवढं मोठं धूड निघालं? तरी टाके मात्र त्याने पक्के घातले. धंद्याशी बेइमानी नको.

त्या दुपारी शिपाई उपाशी राहिला आणि डबाचोराच्या नावाने बोटं मोडत फिरला.

आठवड्याने कोर्टात पुडकं उघडलं. कारकुनाने नाकाला रुमाल लावला. न्यायाधीशांनी झाकणाकडे पाहिलं.

"ही बंदी असलेली वस्तू?"

"माझा डबा!" मागून शिपाई ओरडला.

अधीक्षकांचा चेहरा पडला. "अरे गाढवा, टेबलावर मेणबत्ती होती ना? तोच पुरावा होता!"

"मला काय ठाऊक, साहेब? तुम्हीच म्हणालात, गुप्त आहे. ती तर मी लाखेसाठी जाळली."

न्यायाधीशांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. खांदे हलत होते. मग म्हणाले, "पुरावा नाही, शिक्षा रद्द. भेटी सुरू करा. आणि तो डबा आधी बाहेर न्या."

मेणबत्ती खरोखर शिंप्याची होती का, हे कोणी विचारलं नाही. त्यानेही आपण होऊन तोंड उघडलं नाही.

पुढच्या भेटीला भाचीने अक्काला धरून आणलं. सगळं ऐकून म्हातारी खोकला लागेपर्यंत हसली.

"मेल्या, त्या बिचाऱ्याचं जेवण शिवलंस की रे!"

"त्याला म्हणावं, आता तरी डोळे उघडे ठेवून जेव."

जाळीतून तिने त्याची बोटं घट्ट धरली. वेळ संपली तरी सोडेना.

अक्का त्याच हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी वारली.