मंजुरी नसलेल्यांच्या पुढे चालणारा दिवा

मित्रांनो, लाल दिवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मंत्र्याची गाडी येते, नाहीतर रुग्णवाहिका. मी त्यांतला नाही. मी हातात धरून न्यायचा, गरगर फिरणारा एक जुना दिवा आहे. माझं सगळं आयुष्य अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेलं. तिथली माणसं दिवसभर नकाशे बघतात. कुठले नकाशे, ते मी सांगणार नाही. गुपित राखतो म्हणून नव्हे हो, मला ते कधी कळलंच नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. माझी भावंडं बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या ट्रकांच्या टपावर जाऊन बसली. ऊन, बर्फ, चिखल सगळं त्यांच्या अंगावर. मी एकटा गुळगुळीत फरशीवर, थंडगार हवेत येऊन पडलो. वाटलं, काय नशीब काढलंय!

माझं काम सांगतो. या मजल्यावर पाऊल टाकायचं तर सरकारची सुरक्षा मंजुरी लागते. साहेबाला लागते तशीच फरशी पुसणाऱ्या बाईलाही लागते. मंजुरी म्हणजे तुमच्या आयुष्याची उभी-आडवी चौकशी. कुठे राहिलात, कोणाशी बोलता, परदेशात तुमचं कोण आहे, सगळं विचारतात. शेजाऱ्यांचं दारसुद्धा वाजवतात. ज्याच्याकडे मंजुरी नाही, म्हणजे एसी दुरुस्त करणारा किंवा काचा पुसणारा, त्याला आत आणायचं असेल तर त्याच्यापुढे मी चालायचो. दारावरचा पहारेकरी ऑटिस गॅस्किन्स मला पेटवायचा, हातात उंच धरायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचा, "मंजुरी नसलेलं माणूस आत येतंय!"

बस्स, एवढं पुरायचं. संगणकांचे पडदे काळे व्हायचे. कागद पालथे पडायचे. मोठमोठे अधिकारी वाक्य अर्धं तोडून गप्प बसायचे. मी फिरायचो आणि भिंतींवरून माझा लाल उजेड फिरायचा. सांगा बरं, एवढा मान तुमच्या मंत्र्याच्या दिव्याला तरी मिळतो का?

मजल्याची सफाई एका ठेकेदार कंपनीकडे होती आणि ते काम मुलुनेश नावाची बाई करायची. ती इथियोपियातून आली होती. इथलं नागरिकत्व घेऊन, चौकशीला तोंड देऊन तिने मंजुरी मिळवली होती. त्यामुळे तिच्यापुढे मला कोणी पेटवत नसे. मी ऑटिसच्या टेबलावर पडल्या पडल्या तिचं बोलणं ऐकायचो. ती आली की मजल्याला तोंड फुटायचं. नकाशे बघणाऱ्यांपैकी लॉरेन हॅस्केल नावाच्या बाईंशी तिचं फार जमायचं. मुलुनेश घरून कोलो आणायची, म्हणजे भाजलेले जव आणि दाणे.

"मुलू, तुझा हा कोलो खाऊन दाढ हलायला लागली माझी."

"मग नका खाऊ, मिस लॉरेन."

"नाहीच खाणार. उद्यापासून. आज दे अजून मूठभर."

असं सगळं छान चाललेलं असताना मुलुनेशच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. आई तिकडे देब्रे मार्कोस गावी एकटी. मुलुनेशला ना भाऊ, ना बहीण. ती रजा टाकून गेली. महिन्या-दोन महिन्यांत येते म्हणाली आणि अडीच वर्षांनी आली. दोन वर्षांच्या आत परतली असती तर काही बिघडलं नसतं. पण म्हातारीचे हातपाय काय नियम वाचून हलतात? ती उठून बसायला लागली, चमचा धरायला लागली, तेव्हा कुठे मुलुनेशचा पाय तिथून निघाला. एक शेजारीण पगारावर ठेवून ती परत आली. त्या शेजारणीचा पगार आणि आईची औषधं आता इथल्या नोकरीवर चालायची होती.

नियम असा होता की मागच्या पाच वर्षांतली निदान तीन वर्षं माणूस याच देशात राहिलेलं हवं. मुलुनेश त्यात बसेना. ठेकेदाराचा मुकादम भला होता. त्याने तिला ठेवून घेतलं, पण स्पष्ट सांगितलं, "तुझी जुनी मंजुरी गेली. आता इथे सलग तीन वर्षं काढ, मग नवी मिळेल. तोवर दिव्यामागून काम कर."

तो पहिला दिवस मी विसरणार नाही. ऑटिसने मला उचललं, पेटवलं, दार उघडलं आणि तोंड उघडून तसाच उभा राहिला. ज्या बाईबरोबर त्याने इतकी वर्षं हसत-खिदळत काढली, तिच्या नावाने कसं ओरडायचं?

"ओरडा की, मिस्टर ऑटिस," मुलुनेश मागून म्हणाली. "नोकरी घालवाल तुमची."

"शरम वाटते गं."

"मला वाटत नाही. चला."

"मंजुरी नसलेलं माणूस आत येतंय!" ऑटिस ओरडला. आवाज पार बसलेला होता.

पडदे काळे झाले. कागद पालथे झाले. लॉरेनबाई "मुलू!" म्हणून आनंदाने अर्ध्या उठल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. मान खाली घालून बसल्या. मुलुनेशने त्यांच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली रिकामी केली आणि ती पुढे गेली.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नियमात एवढंच होतं की दिवा चालू असताना कामाचं बोलू नये. बाकी हवापाण्याचं बोला, पोराबाळांचं बोला, कोणी अडवलं नव्हतं. पण या लोकांना चौकशीची इतकी धास्ती की कामाचं कुठे संपतं आणि घरचं कुठे सुरू होतं, तेच त्यांना ठरवता येईना. उगाच झंझट नको म्हणून त्यांनी बोलणंच सोडून दिलं. एसीवाला अर्ध्या तासात निघून जायचा, त्याला त्याचं काय? मुलुनेशला मात्र रोज यायचं होतं. पहिल्या आठवड्यात तिने दोन-चारदा "काय, बऱ्या आहात ना?" विचारून पाहिलं. लोक नुसतं हसले. मग तिनेही विचारणं सोडलं. कोलोही आणेनाशी झाली.

बोलायला उरला एकटा ऑटिस. मजल्याच्या दाराबाहेर, सफाईचं सामान ठेवायच्या फडताळापाशी ती दोघं थांबायची आणि ऑटिस मला बंद करायचा. असं करता करता दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी, वसंतात, मुलुनेश एकदा नुसतीच फडक्याला पिळे देत उभी राहिली.

"आईला दुसरा झटका आलाय. डॉक्टर म्हणतात, भेटून जा."

"मग जा ना, बाई! थांबलीस कशाला?"

"मुकादमाला विचारलं. तो म्हणतो, महिना गेलीस तर सप्टेंबरातली मंजुरी महिना पुढे. वर नवी चौकशी, का गेली होतीस, कोणाला भेटलीस. ऑक्टोबरात सफाईचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे जातोय. ती कंपनी फक्त मंजुरीवाली माणसं घेणार. तोवर माझी आली नाही तर मी रस्त्यावर."

"दुसरीकडे बघ काम."

"या वयात? आणि मिळेपर्यंत औषधं कोण देणार, मिस्टर ऑटिस? तिच्या उशाशी बसून तिला उपाशी मारू?"

ऑटिसने मला पेटवलं आणि आम्ही निघालो.

मुलुनेश गेली नाही. रोज कामावरून सुटली की फोन लावायची, शेजारीण फोन म्हातारीच्या कानाशी धरायची. म्हातारीला बोलता येत नव्हतं. मुलुनेश म्हणायची, "श्वास ऐकू येतो. तेवढं पुरे." मी पत्र्याचा आणि काचेचा दिवा, पण तेव्हा मला खरंच वाटलं की या बाईला कोणीतरी विमानात बसवून द्यावं.

एका सोमवारी ती डोक्याला काळा कपडा बांधून आली. अंगात काळं, पायात काळं, म्हणजे त्यांच्याकडचा सुतकाचा वेष, वर कंपनीचा निळा कोट. ऑटिसने तिला पाहिलं आणि हातातली किल्ली टेबलावर ठेवली.

"कधी?"

"शनिवारी." मग ती भिंतीला टेकली. "आमच्यात असली बातमी फोनवर देत नाहीत. उजाडायला दार वाजलं. उघडलं तर इथे राहणारी आमच्या देशाची सगळी माणसं शाली गुंडाळून बाहेर उभी. कोणी तोंड उघडायच्या आत मला कळलं. मी दार परत लावून घेतलं हो! म्हटलं, आत नाही आले तर खरं होणार नाही."

"घरी जा, मुलू. मी सांगतो मुकादमाला."

"घरी जाऊन काय करू? तिकडे तिला मातीसुद्धा देऊन झाली. आता महिना वाया घालवून कोणाला भेटू?"

"बरं, आत लॉरेनला तरी सांगू का?"

"नको," मुलुनेश म्हणाली. "डोळे आहेत त्यांना."

डोळे होते, मित्रांनो. मी प्रत्येकाचे डोळे पाहिले. ते काळ्या कपड्यावर गेले आणि पुन्हा पालथ्या कागदांवर आले. लॉरेनबाईंचे तर डबडबले होते. त्यांचे ओठ हलले, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. कदाचित त्यांना वाटलं असेल, दूरचं कोणी गेलं असेल, नंतर विचारू. नंतर कधी? मुलुनेश मजल्यावर असली की मी चालू असायचो, आणि मी बंद झालो की ती मजल्यावर नसायची. ती काळ्या कपड्यात महिनोन् महिने आली. टोपल्या रिकाम्या केल्या, टेबलं पुसली. एका माणसाने तिला विचारलं नाही की बाई, कोण गेलं?

त्याच आठवड्यात वरून तपासणीला एक अधिकारी आले होते. दाराशी उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. फिरणारा मी, काळे पडदे आणि चिडीचूप माणसं. ते खूश होऊन म्हणाले, "याला म्हणतात शिस्त! असा मजला मी दुसरा पाहिला नाही." मजल्याला प्रशस्तिपत्र मिळालं. ते भिंतीवर लावलं, आणि त्याची काच पुसायचं काम मुलुनेशकडे आलं.

सप्टेंबरात मंजुरी आली. मुकादम स्वतः सांगायला आला. ऑटिसने मला टेबलावर आडवं ठेवलं आणि दार सताड उघडून ओरडला, "आपली मुलुनेश आत येतेय!" दिव्यावाचून ती आत आली आणि काय सांगू, सगळा मजला उठून उभा राहिला. टाळ्या वाजल्या. तीन वर्षं गिळून ठेवलेले शब्द लोकांच्या तोंडून सांडायला लागले. माझं पोरगं कॉलेजात गेलं, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तू बारीक झालीस गं. लॉरेनबाई धावत आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"सुटलीस बाई एकदाची! आता कोणी अडवणार नाही. आता पहिलं काम कर, रजा टाक आणि आईला भेटून ये."

मुलुनेशने हात सोडवून घेतले नाहीत. शांतपणे म्हणाली, "आई एप्रिलमध्ये गेली, मिस लॉरेन."

टाळ्या थांबल्या.

"एप्रिल... अगं, मग बोलली का नाहीस? त्यात कसलं आलंय गुपित?"

"गुपित नव्हतंच. पण दिवा चालू होता ना."

मग तिने लॉरेनबाईंच्या टेबलाखालची टोपली ओढली, पिशवीत रिकामी केली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. तिच्यामागून कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी मी बंद होतो, तरी बोललं नाही.

पुढे छतालाच दिवे बसवले. माझी मोटर अडकायला लागली होती. मला फडताळात बादलीशेजारी टाकून दिलं. काच तडकली आहे. मुलुनेश अजून कामावर आहे, सामान काढताना कधीतरी माझ्यावरची धूळ पुसते. तेवढंही का करते, कोण जाणे.

मला दुरुस्त करा, मखरात बसवा, असं मागणं मी मागत नाही. नियम मोडा असंही सांगत नाही. कागद खुशाल पालथे घाला. पण मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत कोणाच्यातरी पुढे असा दिवा चालत असेल, तुम्हाला तो दिसो न दिसो. त्या माणसाला थांबवून घरी सगळे बरे आहेत का, एवढं विचारा. आणि आजच विचारा. मुलुनेशकडे लोकांनी आईचा विषय काढला, तेव्हा तिला आई उरली नव्हती.