दुसऱ्या खणातली डिस्क
"ही ओळ कशाला लिहून ठेवलीय, काकू?" नव्या साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"सुरू होताना मशीनने आपल्या मनाने डिस्कांची जोडी जुळवू नये म्हणून. ती मी हाताने जुळवते, रोज सकाळी."

"हाताने! अहो, मशीन स्वतः ओळखतं सगळं." साहेबांनी ओळ पुसून टाकली.

घशाच्या रुग्णालयाच्या तळघरात काकूंची बावीस वर्षं गेली होती. ऑपरेशनने ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आदल्या दिवशी मुद्रित करून जपायचा, हे त्यांचं काम. एकच ध्वनिमुद्रण दोन डिस्कांवर. एक गेली तरी दुसरी असावी. एवढ्या वर्षांत सात साहेब येऊन गेले. काकूंच्या लेखी सातही उंटावरचे शहाणे, आणि हा आठवा तर त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता.

गेल्या आठवड्यात जोडीतली एक डिस्क मेली होती. "नवी कशाला मागवायची?" म्हणत साहेबांनी दुसऱ्या खणात एक जुनी खुपसली. पूर्वी ती याच जोडीतली. नंतर दोन वर्षं शिकाऊंच्या खोलीत एकटीच चालली होती. तिथे तिच्यावर इतक्यांदा लिहिलं-पुसलं गेलं होतं, की मशीन तिलाच ताजी समजणार आणि आवाज असलेली पहिली डिस्क शिळी ठरवणार, हे काकूंना लख्ख दिसलं. "ती आधी काढा," एवढंच म्हणायचं होतं.

"ओळखू दे की मशीनला," काकू म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

कँटीनमध्ये साहेबांचा फोन आला. "काकू, मशीन पुन्हा सुरू केलं, तर पहिली डिस्क जोडीतून बाहेर पडलीय. परत जोडू?"

"साहेब तुम्ही. मी काय सांगणार?"

चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत चवीने प्यायला. तोवर साहेबांनी पहिली परत जोडली होती आणि जुन्या डिस्कची नक्कल तिच्यावर उतरत होती. दोन वर्षांतले एकशे साठ आवाज पुसले गेले.

दुपारी एक निवृत्त बस कंडक्टर बायकोला घेऊन आले. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं, गळ्याला रुमाल. आपला आवाज न्यायला आले होते.

"तांत्रिक बिघाड झालाय," साहेब पुटपुटले. तोंडावरची माशी हलत नव्हती. काकू मनातून फुलल्या. मग त्यांची नजर कंडक्टरांच्या बायकोवर गेली.

"बिघाड नाही, बाई. साहेबांना कळत नव्हतं. मला कळत होतं, तरी मी गप्प बसले."

कंडक्टरांनी बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं काकूंकडे बघितलं. साहेबांकडे बघितलंही नाही.

"निदान काय बोलले होते, ते सांगा," बायको म्हणाली. "मला त्या दिवशी बाहेर बसवलं होतं. तुम्ही आत होतात ना?"

काकू आत होत्या. कानाला हेडफोन, नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीवर. ती लाल होऊ नये एवढंच त्या बघत होत्या.

"आवाज भरदार होता."

"आणि शब्द?"

काकूंना एकही आठवेना.

कंडक्टरांनी खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. पेन कोऱ्या पानावर टेकवलं. मग टोपण लावलं, वही खिशात ठेवली आणि बायकोसाठी दार उघडून धरलं.