येतं की पाणी

मिरचीच्या वाफ्यात माती इतकी तापली होती की खुरपं मारलं तरी रुतत नव्हतं, नुसतं ठणकन वाजायचं. नऊ बाया ओळीनं बसून तण काढत होत्या, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालली होती. निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती ना! मग काय, घरोघर तोच विषय आणि रानातही तोच.

"या खेपेला दुसऱ्याला देऊन बघू," शिंपीण म्हणाली. दिवसा खुरपणी आणि संध्याकाळी शिलाई, असं तिचं चालायचं.

"दुसरा कोण?" शेजारची म्हणाली. "मागच्या खेपेचा पहिलाच ना तो? घर तेच, पक्षाची पाटी तेवढी बदललीय."

"असू दे. दगडापेक्षा वीट मऊ."

"विटेनं डोकं फुटत नाय का गं?" तोफ म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

तोंडावर मावशी आणि पाठीमागं तोफ, अशी तिची ख्याती. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून बायांची टोळी घेऊन रानोरान खुरपणी करायची. मजुरीत काटछाट करणारा मालक असो की मापात मारणारा दुकानदार, हिनं एकदा तोंड उघडलं की तो गार. वस्तीला तिचा आधार होता आणि तिलाही ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा.

वस्ती बत्तीस घरांची, उतारावरची. पाणी म्हणजे गुरुवारी आणि रविवारी येणारा टँकर. तो चुकला की खडीच्या जुन्या खाणीत उतरायचं, तळाशी साचलेलं गढूळ पाणी भांड्यानं हंड्यात भरायचं आणि निसरड्या वाटेनं वर यायचं. तीन निवडणुका नळाचं आश्वासन ऐकण्यात गेल्या. मागच्या महिन्यात मात्र खरंच माणसं आली, दारोदारी सिमेंटचे खांब रोवले आणि खांबाला चकचकीत तोट्या बसवल्या. खाली पाइप काही टाकला नाही. शेंडी आहे पण डोकंच नाही, असला कारभार.

बाया हसत होत्या तेवढ्यात बांधावरून टोपीबदल्या आला. त्याच्या घरात तीन पक्षांच्या टोप्या होत्या, आणि कुठली कधी घालायची ते त्याला वाऱ्यावरून कळायचं.

"मावशी, उद्या साहेब प्रचाराला येतायत. तुमचं घर वस्तीत पहिलं. तुमच्या दारातल्या नळाशी थांबतील, पाच मिनिटं. जास्त नाय."

"नळाशी? नळाची पूजा घालायला येतायत का उत्तरकार्य करायला?"

"तुम्ही पण ना मावशी! फक्त दोन शब्द बोलायचे."

"बोलते की. दोन कशाला, चांगले दोनशे बोलते."

तो गेल्यावर बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. शिंपीण म्हणाली, "मावशी, सोडायचं नाय आता. आमची तोंडं आयत्या वेळी शिवल्यासारखी होतात. तुम्ही बोला. सगळ्यांच्या वतीनं."

"बघच तू. पळता भुई थोडी करते त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघंजण पिंप घेऊन आले. तिच्या घरामागं ओट्यावर पिंप चढवलं, त्यातून नळी काढून भिंतीच्या भोकातून खांबापर्यंत आणली, वरून माती लोटली. तोफ दारात उभी राहून सगळं बघत होती. सून म्हणाली, "आत्या, हाकला ना यांना." तोफ म्हणाली, "थांब गं. येऊ दे त्याला. सगळ्यांसमोर नळीच उपटून हातात देते." आणि मग तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. सुनेनं ते पाहिलं.

उमेदवार आला तो घामाघूम होऊन. बरोबर फोटोवाले, माइकवाला, मागं शंभरेक माणसं. वस्ती पुढं दाटली होती. शिंपीण तर बोटं मोडत तयारीत उभी. आणि त्या माणसानं काय करावं? सरळ येऊन वाकून तोफेच्या पायाला हात लावला.

"आई, दमलो. पाणी पिऊ का तुमच्या दारातलं?"

तोटी फिरवली. पाणी आलं. ओंजळीनं प्याला, डोळ्यांवर हबका मारला, आणि लेकरासारखं हसला. मग माइक तिच्या तोंडापुढं आला.

"आई, येतं ना पाणी?"

आता इथं तोफ धडाडायची होती. वाक्य जिभेवर होतं, रात्रभर घोकलेलं. पण दारात आलेला माणूस, पाय धरलेला, ओल्या तोंडानं समोर उभा. त्याला चारचौघांत तोंडावर पाडायचं कसं? एवढी सगळी माणसं आपल्याकडं बघतायत, फोटो निघतायत, आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटत होतं. तिच्या तोंडून तिचंच तिला न ओळखू येणारं गोड बोलणं निघालं.

"येतं की. गोड आहे पाणी."

टाळ्या पडल्या. उमेदवार पुढच्या वस्तीला गेला. पिंपवाले पिंप घेऊन गेले. उरलेलं पाणी मात्र त्यांनी ओतून दिलं, कारण पिंप भरलेलं नेता येत नव्हतं.

बाया एकेक करून निघून गेल्या. शिंपीण शेवटी गेली. जाताना म्हणाली, "गोड होतं का मावशी? आम्हाला पण चाखवायचं की."

"घरी आलेल्याला काय शिव्या घालू?" तोफ खेकसली. पण आवाजात दारूगोळा नव्हता, आणि तिचं तिलाच ते कळलं.

गुरुवारी टँकर आला नाही. बाया हंडे मांडून उन्हात बसल्या, दुपारी उचलून गेल्या. रविवारीही आला नाही. सोमवारी खाणीच्या वाटेवर शिंपिणीचा पाय सरकला आणि ती हंड्यासकट खाली गेली. उजवं मनगट मोडलं. शिंपिणीचं मनगट म्हणजे तिचं पोट. तोफ बघायला गेली तर दार उघडं होतं, पण आतून "या" कुणी म्हटलं नाही.

मंगळवारी सुनेला घेऊन ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. "टँकर का बंद केला?" तिनं कारकुनाच्या टेबलावर हात आपटला. जुनी तोफ जागी झाली होती. "माणसं मरायची वाट बघताय का? कुणाच्या सांगण्यावरून बंद केला, नाव सांगा त्याचं!"

कारकून बिचारा साधा माणूस. त्यानं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि तिच्यापुढं धरला. फोनमधून एक म्हातारी लाडात येऊन म्हणाली, "येतं की. गोड आहे पाणी."

"हा तुमचाच आवाज ना, आजी? आमच्या साहेबांनी अहवालाला हाच व्हिडिओ जोडलाय. जिथं नळाला पाणी येतं, तिथं टँकर देता येत नाही."

कचेरीतली चारपाच माणसं वळून बघायला लागली. तोफेचा हात टेबलावरून आपसूक खाली आला. धरणी दुभंगली असती तर ती तिथल्या तिथं गडप झाली असती. पण कचेरीची फरशी कसली दुभंगतेय.

"मग आता?" सुनेनं विचारलं.

"लिहून द्या, की पाणी येत नाही. आधी बोललात ते खरं नव्हतं, तेही लिहा. आणि बत्तीस घरांच्या सह्या, अंगठे. एकही घर सुटलं तर कागद चालायचा नाही."

घरी येऊन सून वही घेऊन बसली. "काय लिहू आत्या? चुकून बोलले, असं लिहू?"

तोफेला मोह झाला. चुकून हा शब्द किती मऊ! कुणाच्याही हातून होतं चुकून. मग तिला शिंपिणीचं उघडं दार आठवलं. "नाय. खोटं बोलले, असं लिही."

दोघी पहिल्या दारात उभ्या राहिल्या. सुनेनं वाचलं: नळाला पाणी येत नाही. पाणी येतं असं मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. त्यामुळं टँकर बंद झाला. घरधन्यानं खाली बघत सही केली. दुसऱ्या दारात तरणी पोरगी फिसकन हसली. तिसऱ्या दारात म्हातारा म्हणाला, "वाचू नका बाई, आम्हालाच लाज वाटते. द्या इकडं, अंगठा देतो." पण न ऐकता अंगठा कसा घ्यायचा? पाचव्या दारापासून तोफेनं सुनेला थांबवलं आणि स्वतःच बोलायला लागली. वाटलं होतं, बोलून बोलून घट्टा पडेल. पण प्रत्येक दारात "खोटं" या शब्दाशी मान तेवढीच खाली जायची.

विसाव्या घराशी टोपीबदल्या आडवा आला. डोक्यावर दुसरीच टोपी. "मावशी, हेच बोलणं आमच्या माइकवर बोला की! समोर रिकामे हंडे मांडतो. थोडं रडलात तर उत्तमच."

"आणि टँकर?"

"निवडून आलो की पहिला टँकर तुमचा!"

"मागच्या माइकनं आमचं पाणी नेलं, आता घागरी पण नेशील. चल, सर बाजूला!" तोफ म्हणाली, आणि एकविसाव्या दारात जाऊन पुन्हा मान खाली घातली.

शिंपिणीचं दार तिनं शेवटी ठेवलं होतं. शिवणयंत्रावर अर्धवट झबलं तसंच पडलं होतं. तोफेनं सगळं म्हटलं. शिंपीण म्हणाली, "पुन्हा म्हणा." तोफेनं पुन्हा म्हटलं. शिंपिणीनं डावा अंगठा पुढं केला. तोफेनं त्याला शाई लावली.

"मावशी, तुम्ही घाबरला असता तर मी काही बोलले नसते," शिंपीण म्हणाली. "पण तुम्ही खूश दिसत होता."

"होते," तोफ म्हणाली.

"टँकर आला तर माझे दोन हंडे तुम्ही आणायचे. हात बरा होईस्तोवर."

"आणीन."

कागद कचेरीत पोचला आणि रविवारी टँकर आला. आला तो झेंडा लावून, आणि टपावर टोपीबदल्या बसलेला. वारा पुन्हा फिरला असावा, कारण टोपी पहिलीच होती. तो भोंग्यातून ओरडत होता, "साहेबांनी शब्द पाळला! साहेबांच्या प्रयत्नांनी टँकर सुरू! उद्या मतदानाला विसरू नका!"

रांगेत कुणी काही बोललं नाही. पाणी मिळत होतं ना, मग कोण कशाला तोंड उघडतंय? दोनचार जणींनी हातही जोडले. तोफ रांगेत शिंपिणीचे हंडे घेऊन उभी होती. सगळ्यांचे डोळे हळूहळू तिच्याकडं वळले. कागदाची गोष्ट आता बोलायची, तर आपलं खोटं पुन्हा उगाळायचं, तेही टँकरवाल्यासमोर, पलीकडच्या वस्तीच्या माणसांसमोर. गप्प राहिलं तर झाकलं जात होतं. चार दिवसांत लोक विसरलेही असते.

तिनं हंडे खाली ठेवले.

"ए, भोंगा बंद कर," ती म्हणाली. "टँकर बंद पडला तो मी खोटं बोलले म्हणून. तुझ्या साहेबानं पिंप लावलं, आणि मी पाणी येतं म्हणाले. सुरू झाला तो या बत्तीस घरांच्या अंगठ्यांनी. साहेबाचं यात पिंपाशिवाय काही नाय."

टोपीबदल्यानं इकडंतिकडं पाहिलं. भोंगा कुरकुरला आणि थांबला. पलीकडच्या वस्तीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हीच का गं ती, गोड पाणीवाली?" तोफेनं ते ऐकलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

"मावशी, हंडा लावा," मागून शिंपीण म्हणाली. "पाणी वाया जातंय."

तोफेनं हंडा तोटीखाली सरकवला.